पहिला पाळीव साप: हीट मॅट पुरे, की ऊब वरूनच हवी?

मंजिरी_लीड्स

इंग्लंडात कॉर्न स्नेक पाळायला परवाना लागत नाही. विषारी जातींना १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली लागतो, पण हा बिनविषारी. त्यामुळे मुलांच्या वर्गातल्या एकाने आणला की बाकीच्यांचे हट्ट सुरू होतात. आमच्याकडेही सध्या तेच चालू आहे. साप आणायला माझी ना नाही. माझा वाद दुकानात मिळणाऱ्या 'स्टार्टर किट'शी आहे.

किटमध्ये काय असतं? काचेची टाकी, खाली चिकटवायची हीट मॅट, काचेवर डकवायचा घड्याळासारखा तापमापक आणि लपायला लाकडाचा एक अर्धगोल. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट नसतो, तो 'नंतर घ्या'. म्हणजे उष्णता देणारी वस्तू आज घरात आणायची आणि तिला लगाम घालणारी नंतर कधीतरी. मला हे उफराटं वाटतं.

साप स्वतःची ऊब तयार करत नाही. उंदीर पचवणं, कात टाकणं, आजाराशी झुंजणं, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. आणि त्याला एकच तापमान नको असतं, उतार लागतो. कॉर्न स्नेकसाठी एका टोकाला शेकायच्या दगडाचा पृष्ठभाग साधारण ३० ते ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २२ ते २४. मधे कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी, नाहीतर भित्रा साप ऊब सोडतो पण आडोसा सोडत नाही.

मॅटने फक्त जमिनीचा एक तुकडा तापतो, हवा जवळजवळ तशीच राहते. जानेवारीत रात्री हीटिंग बंद झाल्यावर आमच्या खोल्या १६ अंशांवर येतात, तिथे ती मॅट काय पुरणार? म्हणून माझं मत असं, की पहिल्या सापालाही लाकडी व्हिवेरियम म्हणजे साप ठेवायची पेटी, वरून हॅलोजन दिवा, त्याला जाळीचा पिंजरा आणि थर्मोस्टॅट. हे सगळं लावून, आठवडाभर चालवून, आकडे स्थिर झाले की मग साप. एवढं करायची तयारी नसेल तर साप आणूच नये.

बोला आता.

लेस्टरकर_काका

मंजिरीताई, थर्मोस्टॅटबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याशी नाही.

इथल्या ब्रीडर लोकांनी पिढ्यान् पिढ्या कॉर्न स्नेक प्लॅस्टिकच्या डब्यांत, खाली मॅट लावून वाढवले. खातात, वाढतात, अंडी देतात. मॅट वाईट नाही, बिनथर्मोस्टॅटची मॅट वाईट. तुम्ही दोन गोष्टी एकाच दावणीला बांधताय.

दुसरं, अंड्यातून निघालेलं पिल्लू पेन्सिलीएवढं असतं. त्याला एकदम चार फुटी पेटीत सोडलंत की ते कोपऱ्यात दडी मारून बसतं आणि खात नाही. पहिलं वर्ष छोटा डबा, एकतृतीयांश तळाखाली मॅट, थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरीचं टोक) नीट लावलेला, बस. तुमच्या यादीचा खर्च ऐकून माणसं एक तर साप घेणार नाहीत किंवा गुपचूप किट घेतील. दुसरंच जास्त होणार, लिहून ठेवा.

मंजिरी_लीड्स

काका, डबे चालतात कारण ब्रीडरची अख्खी खोली तापवलेली असते. घरातल्या टेबलावरच्या डब्याला ती खोली कुठून आणायची?

पिल्लू घाबरतं ते मोकळ्या जागेला. चार फुटी पेटीत पालापाचोळा, फांद्या, सालींचे तुकडे भरा, ते खुशाल फिरतं. रिकामी पेटी आणि मोठी पेटी यात फरक आहे.

आणि मॅटवरचा थर जाड झाला तर? सापाला उकरायला आवडतं म्हणून लोक चार बोटं लाकडाचा भुसा घालतात. मग वरचा भाग गार आणि खाली उष्णता कोंडलेली. साप ऊब शोधत खाली घुसतो आणि पोट भाजून घेतो. लाकडी पेटीत तर मॅटची उष्णता लाकूडच अडवतं.

वायरमन_अबर्डीन

पेशाने इलेक्ट्रिकल, त्यामुळे सापांच्या मानसशास्त्रात शिरत नाही. पण दोघांच्याही बोलण्यात 'थर्मोस्टॅट' हा एकच डबा असल्यासारखा येतोय. तसं नाही.

साधा ऑन-ऑफ वाला मॅटला ठीक. तोच हॅलोजनला लावलात तर दिवा दिवसभर भक्क पेटणार, फट्ट विझणार. दिवाही लवकर जाणार आणि सापही वैतागणार. हॅलोजनला डिमिंग थर्मोस्टॅट हवा, तो प्रकाश हळूहळू कमीजास्त करतो. सिरॅमिक हीटरला पल्स वाला, तो वीज तुटक-तुटक झटक्यांनी देतो. सिरॅमिकला प्रकाश नसतो म्हणून लोक त्याला सौम्य समजतात. त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर जातो. जाळीचा पिंजरा नसेल तर साप त्याला विळखा घालणार, आणि भाजतंय हे कळून वेळेत सुटेल याच्या भरवशावर राहू नका.

खरी गोम प्रोबची. थर्मोस्टॅटला खोली दिसत नाही, फक्त प्रोबच्या टोकाचं तापमान कळतं. सापाने तो ओढून गार कोपऱ्यात नेला किंवा पाण्याचं भांडं त्याच्यावर कलंडलं, की यंत्राला वाटतं सगळीकडे थंडी, आणि ते पूर्ण ताकदीने तापवत बसतं. म्हणून प्रोब क्लिपने पक्का बसवायचा, पाणी गार बाजूला, आणि थर्मोस्टॅटचा आकडा खरा मानायचा नाही. ताडून बघायला वेगळा डिजिटल तापमापक हवाच. इन्फ्रारेड गन पृष्ठभागाचं तापमान सांगते, हवेचं नाही. काचेवर डकवलेली तबकडी मुख्यतः काचेचं सांगते, तिला केराची टोपली.

खर्चाचं म्हणाल तर ७५ वॅटचा हॅलोजन रोज १२ तास पूर्ण पेटला तरी ०.९ युनिट. युनिटला २५ पेन्स धरा, दिवसाला २२-२३ पेन्स, डिमिंगमुळे प्रत्यक्षात कमीच. २० वॅटची मॅट चोवीस तास चालली तर १२ पेन्स. एवढ्याच फरकासाठी काका इतके लढतायत?

लेस्टरकर_काका

बिलासाठी नाही हो, सुरुवातीच्या खर्चासाठी. शाळकरी पोराचे वाढदिवसाचे पैसे असतात ते.

जर्सीवाली_शुभा

एक वेगळाच मुद्दा. कॉर्न स्नेक आमच्या न्यू जर्सीत पाइन बॅरन्सच्या जंगलात रानटी सापडतो आणि राज्याच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. इथला हिवाळा लीड्सपेक्षा कडक. बर्फ पडतं, तरी तो जमिनीखाली महिने काढतो आणि वसंतात बाहेर येतो. त्याच जातीसाठी १६ अंशांची एवढी धास्ती का? रोज बारा महिने ३२ अंश देणं हेच अनैसर्गिक नाही का? पाळणाऱ्यांना सापापेक्षा उपकरणांचीच हौस जास्त असते असं मला हल्ली वाटायला लागलंय.

मंजिरी_लीड्स

शुभाताई, प्रश्न रास्त आहे. पण रानातला साप शीतनिद्रेत जाण्याआधी खाणं थांबवतो, पोट रिकामं करतो आणि जिथे तापमान थंड पण स्थिर राहील अशा खोल बिळात शिरतो. घरात काय होतं? शनिवारी उंदीर दिला, रविवारी रात्री हीटिंग गेलं. ना पूर्ण थंडी, ना पुरेशी ऊब, आणि पोटात अख्खा उंदीर. पचन मंदावतं, उंदीर आतच सडायला लागतो, साप ओकतो. एकदा ओकला की त्याला सावरायला बरेच दिवस द्यावे लागतात.

रात्री तापमान उतरायला माझी हरकत नाहीच. १८ ते २० पर्यंत खुशाल उतरू दे, दिवस-रात्रीचा फरक त्यालाही हवा. त्याखाली जाणार असेल तरच प्रकाश नसलेला हीटर. तो 'रात्रीचा लाल बल्ब' मात्र नको. सापाला लाल दिसत नाही असं सांगून खपवतात, प्रत्यक्षात त्याची रात्रच होत नाही.

सह्याद्री_सर्पमित्र

साताऱ्यात साप पकडून रानात सोडायचं काम करतो. दिव्यांची चर्चा वाचली. मूळ प्रश्नच कुणी विचारत नाही म्हणून विचारतो: पाळायचाच कशाला?

नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. दात काढलेला, उपाशी, वर दूध पाजलेला. ते थांबवायला लोकांनी किती वर्षं घालवली. आता तोच प्राणी काचेत, शेजारी छान फांदी आणि दिवा. टोपलीतला नाग आणि काचेतला कॉर्न, फरक फक्त बल्बचा.

आणि हे वाचून इथल्या एखाद्या पोराने धामण घरी आणली तर? भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, धामण, अजगर सगळे संरक्षित आहेत, घरात ठेवणं गुन्हा आहे. मांडुळाची तस्करी तर महाराष्ट्रात अजून चालते, धनलाभाच्या अंधश्रद्धेपायी. 'पहिला पाळीव साप' हे शीर्षकच मला खटकतं.

मंजिरी_लीड्स

दादा, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, आणि कायद्याचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. पण "फरक फक्त बल्बचा" म्हणालात, मी तेच तर म्हणतेय! पकडून आणलेला उपाशी नाग आणि कैक पिढ्या माणसाकडेच जन्मलेला साप, हा फरक तर आहेच. पण या दुसऱ्या सापाचं हाल होणं न होणं खरोखरच त्या बल्बवर, त्याच्या पिंजऱ्यावर आणि प्रोबवर ठरतं. त्याला आता रानात सोडता येत नाही, सोडूही नये. मग त्याचा संसार नीट मांडणं एवढंच आपल्या हाती उरतं.

सह्याद्री_सर्पमित्र

पिढ्या कितीही झाल्या तरी पेटी ती पेटीच. मागणी आहे म्हणून जन्माला घालतात, आणि मागणी अशाच चर्चांनी वाढते. माझं मत बदललं नाही. बाकी चालू द्या.

वैदर्भी_नागपूर

भारतातून लिहितेय, आणि कायदेशीर. माझ्याकडे बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये विदेशी प्राण्यांच्या स्वेच्छा घोषणेची योजना आणली तेव्हा नोंदवलेला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या प्राण्यांची 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. बॉल पायथन त्या यादीच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. विक्रेता "कागद लागत नाही" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

इंग्लंडचा सल्ला इथे जसाच्या तसा लावू नका हे सांगायला आले. मे महिन्यात नागपूर ४४-४५ अंशांवर असतं. आमची अडचण ऊब नाही, गारवा आहे. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. सापाला ३५ च्या वरच्या हवेत कोंडून ठेवणं धोक्याचं, त्यामुळे उन्हाळ्यात त्याच्या खोलीचा एसी बंद होत नाही. वीज गेली की आधी त्याच्याकडे धाव, मग फ्रिजकडे. कूलर लावावा तर पेटीतली ओल इतकी वाढते की खवल्यांना आणि फुफ्फुसांना त्रास. काकांची मॅट इथे डिसेंबर-जानेवारीत कामाला येते आणि तेवढ्यापुरती ती उत्तम आहे, उगाच नावं ठेवू नका.

लेस्टरकर_काका

वैदर्भी, जियो! बघा मंजिरीताई, मॅटला एक तरी वाली मिळाली.

मंजिरी_लीड्स

मिळू दे की. त्यांची मॅट थर्मोस्टॅटवर आणि गरम गावात आहे, लीड्सच्या जानेवारीत नाही.

बरं, काकांचा खर्चाचा मुद्दा मी पूर्ण उडवून लावत नाही. लाकडी पेटी वापरलेली घ्यायला हरकत नाही. आधीच्या सापाला माइट (रक्त शोषणारे बारीक किडे) असू शकतात, म्हणून सांध्यासांध्यांत नीट साफ करून घ्या, आणि सरकत्या काचेला कुलूप. थर्मोस्टॅट मात्र नवा. आमच्याकडे हॅलोजनला डिमिंग वाला, रात्रीसाठी सिरॅमिकला वेगळा, दोघांनाही पिंजरे असं ठरतंय. पुढचा वाद फ्रीझरचा आहे. गोठवलेले उंदीर ओल्या नारळाच्या चवाशेजारी ठेवायला सासूबाई तयार नाहीत, त्यामुळे छोटा वेगळा फ्रीझर बजेटमध्ये शिरलाय.

वायरमन_अबर्डीन

फ्रीझर आणि सगळे हीटर एकाच एक्स्टेन्शनवर नकोत. आणि थर्मोस्टॅटचा कंट्रोलर पेटीच्या बाहेर, पाण्याच्या भांड्यापेक्षा वरच्या पातळीला. वायर खाली झोळ देऊन आत न्या, म्हणजे पाणी वायरवरून सॉकेटपर्यंत पोचणार नाही.

लेस्टरकर_काका

हॅलोजन लावा, माझी हरकत संपली. पण पहिले सहा महिने पिल्लू डब्यातच ठेवा आणि तो डबा त्याच मोठ्या पेटीत ठेवा. हवा तुमची, डबा माझा. मात्र डब्याच्या आत वेगळा तापमापक हवा, झाकणाखाली पारा बाहेरच्यापेक्षा चढतो.

मंजिरी_लीड्स

डबा नको, पालापाचोळा. पण आतल्या तापमापकाचं लिहून घेतलं.