कुंपण घातलं तरी ऑर्किड कमी का होतंय?

प्रश्न: डोंगरमाथ्यावरच्या गवतात एक दुर्मिळ ऑर्किड आहे, गुरं तुडवतात म्हणून कुंपण घातलं तर ३ वर्षांत फुलं निम्म्यावर आली, असं कसं?

उत्तर १: कुंपणामुळेच असणार. चराई थांबली की गवत माजतं, वाळक्याचा थर साचतो, मग झुडपं घुसतात आणि वीतभर रोपाला ऊनच मिळत नाही. बोंडं फुटून बी उडालं की गुरं सोडा, नाहीतर गवत कापून बाहेर न्या, तिथेच टाकू नका.

उत्तर २: फुलं नाहीत म्हणजे रोप मेलं असं नाही हां, कंद एखादं वर्ष जमिनीखाली गप्प बसतो. पानंही मोजा.

प्रश्नकर्ता: थोडी उपटून कुंडीत लावू?

उत्तर १: अजिबात नको!! मातीतल्या बुरशीशिवाय त्याचं बीसुद्धा रुजत नाही, धुळीसारखं असतं, आत अन्नसाठा जवळपास नसतोच.