नफा कसा कमावला ते आधी विचारा : एमबीएत नीती आणि सीएसआर एकाच पेपरात का?

फळा_खडू (धागाकर्ता)

पुण्यातल्या एका व्यवस्थापन महाविद्यालयात मी गेली अकरा वर्षं दुसऱ्या वर्षाला 'व्यवसायनीती आणि सीएसआर' (सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी) हा पेपर शिकवतोय. यंदाच्या उत्तरपत्रिका तपासल्यावर माझं मत पक्कं झालं. हे दोन विषय एका दावणीला बांधणं चूक आहे. नीतीचा पेपर वेगळा हवा, सक्तीचा हवा आणि पूर्ण गुणांचा हवा. सीएसआर ज्याला त्या कामात जायचंय त्याने ऐच्छिक म्हणून घ्यावा.

प्रश्न साधा होता : एखादी कंपनी नीतीने वागते की नाही हे कशावरून ठरवाल? बहुतेकांच्या उत्तराची पहिलीच ओळ 'दोन टक्के'. मग झाडं, शाळेला संगणक, आरोग्य शिबिर. कामगाराला ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का, मालाच्या दर्जात खोट आहे का, हिशेब खरे आहेत का, हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोष मुलांचा नाही, शिकवलं आम्हीच.

कंपनी कायदा 2013, कलम 135. 500 कोटी नेटवर्थ, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. आता याच नियमांतली व्याख्या वाचा. कंपनीच्या नेहमीच्या व्यवहारात जे घडतं ते सीएसआर नव्हे. फक्त स्वतःच्याच कर्मचाऱ्यांच्या भल्याचं काम, तेही नव्हे. म्हणजे कायद्याच्या लेखी सीएसआर हा धंद्याच्या उंबऱ्याबाहेरचा विषय आहे, आणि नीती पूर्णपणे उंबऱ्याच्या आतला.

आंध्रात 2005 मध्ये 108 रुग्णवाहिका सुरू झाली, त्यामागे सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू होते. त्या गाड्यांनी खरेच जीव वाचवले. त्याच राजूंनी 7 जानेवारी 2009 च्या पत्रात कबूल केलं की सत्यमच्या ताळेबंदात रोख आणि बँकशिल्लक म्हणून दाखवलेले 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. पहिली गोष्ट दुसरीची भरपाई करत नाही. माझे विद्यार्थी नेमकी तीच बेरीज-वजाबाकी मांडायला शिकताहेत, आणि मला याचा फार त्रास होतो.

कोरडवाहू

सर, विरोध आहे, आणि मनापासून आहे. मी नऊ वर्षं एका कंपनीच्या सीएसआर विभागात आहे, काम बहुतेक मराठवाड्यात.

पहिल्याच वर्षी एका गावात आधीच्या लोकांनी बांधलेले संडास बघायला गेले. दारावर कंपनीच्या नावाची फरशी लखलखीत. आत कडबा रचलेला. एका घरी त्यात शेळीची दोन करडं बांधलेली. पाणी दीड किलोमीटरवर, हंडे बायकांच्या डोक्यावर. संडासाला लागणारं पाणी कोण आणणार हे त्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. का नाही विचारलं? फेब्रुवारी उजाडला होता आणि 31 मार्चच्या आत पैसे संपवायचे होते. (2021 च्या दुरुस्तीनंतर चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरता येतात, त्यामुळे ही मार्चची घाई थोडी उतरलीय.)

हा नीतीचाच प्रश्न नाही का? कुणाला विचारायचं, कुणाच्या वतीने ठरवायचं, चुकलं तर पुन्हा गावात जाऊन कबूल करायचं की नाही? तुम्ही विषय तोडलात तर सीएसआरवाल्यांना प्रस्ताव आणि उपयोगिता प्रमाणपत्र एवढंच शिकवलं जाईल, आणि नीतीच्या तासाला तत्त्वज्ञांची नावं पाठ होतील. नुकसान दोन्हीकडे.

अजून एक. कारखान्याशेजारच्या वस्तीत आमचा शिवणवर्ग चालायचा. तिथे एक मावशी म्हणाली, "बाई, आमच्या आडाच्या पाण्याला वास येतो." मी प्लांटहेडपर्यंत गेले. आधी उडवून लावलं. आठ महिने पाठपुरावा केला तेव्हा सांडपाण्याची फुटलेली लाइन सापडली आणि बदलली. उत्पादन, खरेदी, लेखा, यांतलं कुणीच त्या वस्तीत पाऊल टाकत नव्हतं. मी जात होते ते सीएसआरमुळे. तुम्ही ज्याला उंबऱ्याबाहेरचं म्हणता त्याच दारातून आतल्यांना बाहेरचं ऐकू येतं.

जमाखर्च

दोघांशीही असहमत. सनदी लेखापाल आहे, वीस वर्षं ऑडिट केलंय. तेविसाव्या वर्षी वर्गात बसवून नीती येत नाही. घरातून येते, नाहीतर कायद्याच्या धाकाने येते.

हिशेबाच्या घोटाळ्यात बुडालेल्या एन्रॉनचा जेफ्री स्किलिंग हार्वर्डचा 1979 चा एमबीए. सत्यमच्या संचालक मंडळावर हार्वर्ड बिझनेस स्कूलचे, कंपनी कारभार शिकवणारे प्राध्यापक होते आणि हैदराबादच्या आयएसबी या बिझनेस स्कूलचे डीनही होते. 16 डिसेंबर 2008 ला त्याच मंडळाने राजू कुटुंबाच्या मायटास कंपन्या विकत घ्यायचा प्रस्ताव मंजूर केला. भागधारक भडकले, शेअर कोसळला, तेव्हा काही तासांत तो गुंडाळावा लागला. विषय शिकवणाऱ्यांना जे दिसलं नाही ते शिकणाऱ्यांना दिसेल?

मिल्टन फ्रीडमन यांनी 13 सप्टेंबर 1970 च्या लेखात म्हटलं की कंपनीची सामाजिक जबाबदारी नफा वाढवणं हीच. लोक एवढंच सांगतात. त्याच लेखात नियम पाळून, फसवणूक न करता, ही अटही आहे. तेवढी पाळली गेली तरी देशाचं भलं होईल. पीएमसी बँकेत 2019 साली काय निघालं? एकाच बांधकाम समूहाचं कर्ज लपवायला 21,049 बनावट खाती. तिथे नीतीचं व्याख्यान कमी पडलं नव्हतं, तपासणी कमी पडली. हे तास फॉरेन्सिक ऑडिटला, म्हणजे घोटाळा शोधणाऱ्या तपासणीला द्या.

दुसरं_वर्ष

मी सध्या शिकतोय, म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

उन्हाळ्यात विक्रीची इंटर्नशिप केली. जूनअखेरीला टार्गेट भरत नव्हतं. साहेबांनी सांगितलं, वितरकाकडे माल टाक, पुढच्या महिन्यात परत घेऊ. मी टाकला. साताऱ्याकडचे वयस्कर वितरक. गोडाऊनमध्ये जागा नव्हती म्हणून खोकी घराच्या पडवीत लावली, मीच हात लावला. पावसात खालची तीन खोकी भिजली. ती कंपनीने परत घेतली नाहीत.

मला या पेपरात 70 पैकी 61 गुण आहेत. जमाखर्च सर, मी चूक समजून केली असं नाही. ती चूक आहे हे मला त्या वेळी दिसलंच नाही. टार्गेट दिसत होतं.

फळा_खडू

@दुसरं_वर्ष, लिहिलंस हे फार चांगलं केलंस. जमाखर्च साहेबांना माझं उत्तर तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे.

डेनिस जिओइया हे नाव वर्गात मी दरवर्षी घेतो. इंजिनिअर, वर एमबीए. 1972 मध्ये फोर्डमध्ये लागले आणि पुढच्या वर्षी सदोष गाड्या परत बोलवायच्या विभागात समन्वयक झाले. पिंटो गाडीची पेट्रोलची टाकी मागच्या आसापलीकडे होती, मागून धडक बसली की पेट घेण्याचा धोका. त्यांनी जळालेली पिंटो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तरीही गाड्या परत बोलवू नयेत असंच मत दिलं. त्या गाड्या अखेर 1978 मध्ये परत बोलवाव्या लागल्या, तोवर ते कंपनी सोडून गेले होते, पुढे प्राध्यापक झाले. 1992 मध्ये त्यांनी स्वतःवर लेख लिहिला. त्याचा गाभा हा की तेव्हा त्यांना हा नीतीचा प्रश्न वाटलाच नाही. रोज फायली यायच्या, रोज एक ठरलेली पद्धत होती, हीही फाइल त्याच पद्धतीने निघाली.

बघण्याची सवय लावता येते. ऑडिटमध्ये तुम्ही कनिष्ठांना तेच करता ना, कुठलं व्हाउचर खटकायला हवं ते दाखवता?

जमाखर्च

दाखवतो, हे मान्य. पण मग पुढचंही शिकवा. मंजुनाथ षण्मुगम. आयआयएम लखनौ, इंडियन ऑइलमध्ये विक्री अधिकारी. लखीमपूर खेरीत भेसळ करणाऱ्या पेट्रोल पंपावर कारवाई केली म्हणून 19 नोव्हेंबर 2005 ला त्याला गोळ्या घालून मारलं. वय 27. त्याला सगळं दिसत होतं. मुलांना 'बघा' म्हणून सांगाल आणि सोमवारी एकटं कामावर पाठवाल, हे मला पटत नाही. माझ्याकडच्या दोन मुलींनी नोकरी सोडली, कारण सही करा म्हणून दबाव होता आणि कुणाकडे जायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

कोरडवाहू

हे मात्र शंभर टक्के. सूचिबद्ध कंपनीत तक्रारीची स्वतंत्र यंत्रणा असणं कलम 177 प्रमाणे बंधनकारक आहे, लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलांना विचारलं तर दहातल्या एकालाही ठाऊक नसतं. मेल कुणाला करायची, पुरावा कसा जपायचा, एकट्याने जायचं की दोघांनी, हे कुठल्या पेपरात आहे?

भट्टीवाला

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, कोल्हापूर. बत्तीस माणसं कामाला. फळा_खडू सरांची बाजू घेतो, पण सीएसआर ऐच्छिक करून विषय सुटत नाही.

आम्ही एका मोठ्या कंपनीला कास्टिंग देतो, नाव घेत नाही. गेल्या वर्षी त्यांनी आमच्याच गावच्या शाळेला बाकं दिली. चांगली आहेत, माझी पुतणी त्यावर बसते. कार्यक्रमाला मलाही बोलावलं, नारळ दिला. त्या दिवशी त्यांच्याकडे माझी 118 दिवसांची बिलं पडून होती. पिग आयर्न आणि स्क्रॅप रोखीत घ्यावं लागतं, महावितरणचं बिल थांबत नाही, मोल्डिंगची पोरं शनिवारी पगार मागणार. बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर व्याज मी भरत होतो. म्हणजे त्यांना बिनव्याजी उसने पैसे मीच देत होतो.

कायदा 2006 चा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ते व्याज मागितलं की पुढची ऑर्डर नाही, म्हणून मी कधी मागितलं नाही. 2023 च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराचं 43बी(एच) आलं, वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही. वाटलं, आता सुटलो. तर खरेदी विभागातून फोन आला, "उद्यम नोंदणी रद्द करता येते का बघा." म्हणजे लघु उद्योग म्हणून असलेली माझी सरकारी नोंदच काढायची, की नियमच लागू नको. फोन करणारा मुलगा एमबीए. बोलायला फार चांगला.

त्याला हा पेपर होता का, असेल तर त्यात माझं बिल कुठे होतं, एवढंच विचारायचंय.

फळा_खडू

भट्टीवाले साहेब, नव्हतं. माझ्या पेपरात तुमचं बिल नव्हतं.

कोरडवाहू ताई, तुमच्या आडाच्या गोष्टीने मी थोडा हललोय. विषय पूर्ण तोडायचा आग्रह सोडतो. पण क्रम बदलतो : आधी उंबऱ्याच्या आतलं, मग बाहेरचं. पुढच्या सेमिस्टरला प्रत्येक गटाला एका कंपनीचा वार्षिक अहवाल देणार. त्यात सीएसआरचं परिशिष्ट असतं, आणि लेखा टिपांमध्ये सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी, विलंब आणि व्याज हेही छापावं लागतं. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचायची. तक्रारीच्या यंत्रणेवर दोन तास, आणि ते जमाखर्च साहेबांनी येऊन घ्यावेत अशी विनंती.

जमाखर्च

येतो. पण त्या टिपेवर फार विसंबू नका, तारीख कुठून मोजली ते बघावं लागेल.

भट्टीवाला

तेच सांगणार होतो. माल गेटवर 4 तारखेला उतरतो, वॉचमन चलनावर शिक्का मारतो. मग तो 'इन्स्पेक्शन'मध्ये पडून राहतो आणि जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची त्यांची पावती, निघतो 27 तारखेला. त्यांचा लेखा विभाग 27 पासून 45 मोजतो. कायद्यात तसं नाही. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल उतरला त्या दिवसापासून मोजायचं. पण अहवालात बिल वेळेत दिल्यासारखंच दिसतं.

फळा_खडू

चलन आणि जीआरएन, दोन्हींच्या प्रती नावं झाकून पाठवाल का? वर्गात पहिल्या तासाला तेच वाटतो.

भट्टीवाला

पाठवतो. गेल्या वर्षीच्या अशा अकरा जोड्या फाइलला आहेत. कंपनीचं नाव आणि पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर तेवढे झाकतो, शिक्क्याची तारीख स्पष्ट दिसेल.