हार्ट फेल्युअर: फिश ऑइलची एक कॅप्सूल पुरते का?

प्रश्न
वडील ६८ वर्षांचे, इकोमध्ये ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) ३०. सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे. मेडिकलवाला म्हणतो, १००० एमजी फिश ऑइल रोज एक द्या. पुरेल का? कॉड लिव्हर ऑइल स्वस्त पडतं, ते चालेल? घरात मासे खातो आम्ही.

औषधपेटी
१००० हे तेलाचं वजन. बाटली उलटी करून ईपीए आणि डीएचए (तेलातली कामाची ओमेगा-३ मेदाम्लं) बघा. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० आणि १२०, म्हणजे कामाचं ३०० एमजी. इटलीतल्या जिस्सी-एचएफ चाचणीत (२००८, सुमारे ७,००० रुग्ण) हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना रोज ८५० ते ८८२ एमजी ईपीए-डीएचए दिलं होतं. तेवढ्यासाठी साध्या तीन लागतील, नाहीतर कॉन्सन्ट्रेट (जास्त ईपीए-डीएचएवाली) एक. चारेक वर्षांत नकली कॅप्सूल घेणाऱ्यांत २९ टक्के मृत्यू झाले, खरी घेणाऱ्यांत २७. फायदा आहे, पण माफक. अमेरिकेच्या हार्ट फेल्युअरवरच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही 'विचार करता येईल' एवढंच म्हणतात. त्या चार गोळ्यांचे डोस डॉक्टरांनी पूर्ण वाढवलेत का, ते आधी विचारा. पैशांची ओढाताण असेल तर कॅप्सूल सोडा, गोळ्या नाही.

घ्यायचीच तर दुपारच्या भरपेट जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही आणि माशाचे ढेकर येतात. एखादी कॅप्सूल कापून वास घ्या. खवट, ऑइलपेंटसारखा उग्र वास आला तर बाटली फेका.

नाडी_बघा
कॉड लिव्हर नको. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं. ईपीए-डीएचएचा आकडा गाठायला चमचे वाढवाल, तर अ जीवनसत्त्व अंगात साठून यकृताला बाधतं.

दुसरं, फिश ऑइलने एट्रियल फिब्रिलेशनचा (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा) धोका वाढतो, डोस मोठा तसा जास्त. रोज ४ ग्रॅमच्या चाचण्यांत ते स्पष्ट दिसलंय. त्यामुळे 'जास्त दिलं तर बरंच' हा हिशेब इथे चालत नाही. धडधड झाली, नाडी अनियमित लागली तर लगेच ईसीजी. आधीपासून एएफ असेल तर कार्डिऑलॉजिस्टना विचारल्याशिवाय सुरूच करू नका. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम (रक्त पातळ करणारी औषधं) चालू असेल तर फिश ऑइल सुरू केल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची चाचणी) तपासा.

कालवण
बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, कालवण करून, मीठ बेताचं. खारा बांगडा आणि खारवलेली सुकी मासळी मात्र बंद. त्या मिठाने पाणी साठतं, आणि तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं की फिश ऑइल काही कामाचं नाही, डॉक्टरांना फोनच करावा लागतो.

प्रश्नकर्ता
आई मासे खात नाही, तिलाही हाच त्रास आहे. जवस चालेल?

औषधपेटी
जवसातल्या एएलएचं (वनस्पतींमधलं ओमेगा-३) शरीरात ईपीए फार थोडं होतं, डीएचए त्याहून कमी. चटणी खुशाल खा, बिनमिठाची. कॅप्सूलच हवी असेल तर शेवाळाच्या तेलाची मिळते. तिच्यावरही ईपीए-डीएचएचे आकडे वाचूनच घ्या, काहींत नुसतं डीएचए असतं.