फोनवर रेंज पूर्ण, तरी इंटरनेट नाही: खेड्यांनी नेमकी मागणी कशाची करावी?

प्रश्न:
शिकवण्याच्या निमित्ताने मला अनेक खेड्यांमध्ये जावे लागते आणि तेथे एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. टॉवर उभा असतो, फोनवर रेंज पूर्ण दिसते, साधा कॉलही लागतो. मात्र संध्याकाळी मुले अभ्यासाचा व्हिडिओ लावून बसली की तो पुढे सरकत नाही, आणि वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरच बंद पडतो. गावकरी निवेदन देतात तेव्हा त्यात बहुधा 'आणखी एक टॉवर द्या' एवढीच मागणी असते. ही मागणी योग्य आहे का? शिवाय, उपग्रहावरून इंटरनेट मिळू लागले असताना फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूच्या केबलची, वाट पाहण्यात अर्थ आहे का? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद 1:
मी बरीच वर्षे मोबाइल जाळ्याच्या उभारणीत काम केले आहे. फोनवरील रेंजचे चिन्ह फक्त फोन आणि टॉवर यांच्यामधील दुव्याबद्दल सांगते. तो टॉवर पुढे उर्वरित जाळ्याशी किती क्षमतेच्या मार्गाने जोडलेला आहे, हे त्यावरून कळत नाही. या मागच्या मार्गाला बॅकहॉल म्हणतात, आणि आपण वर्णन केलेल्या संध्याकाळच्या कोंडीचे कारण मी तरी प्रथम तेथेच शोधेन. दुर्गम भागात एका टॉवरची मायक्रोवेव्ह डिश दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, अशी साखळी केलेली असते आणि सगळ्या टॉवरांची वाहतूक शेवटी एकाच दुव्यातून जाते. त्याच साखळीला आणखी एक टॉवर जोडला, तर रेंज वाढेल, पण वेग वाढणार नाही.

दुसरे कारण स्पेक्ट्रमचे, म्हणजे कंपनीला वापरायला मिळालेल्या रेडिओ लहरींच्या पट्ट्याचे आहे. इतर सर्व गोष्टी समान धरल्या, तर 700 मेगाहर्ट्झच्या तुलनेत 3500 मेगाहर्ट्झची लहर तेवढ्याच अंतरावर सुमारे 25 पट क्षीण होऊन पोहोचते. त्यामुळे विरळ वस्तीसाठी कमी वारंवारता वापरणे रास्तच असते. परंतु तेथे एका कंपनीच्या वाट्याला बहुधा 10-20 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा येतो, तर 3500च्या पट्ट्यात 100 मेगाहर्ट्झपर्यंत सलग जागा मिळू शकते. म्हणजे खेड्यातला टॉवर अनेक किलोमीटरचा परिसर व्यापतो आणि त्या साऱ्यांना तुलनेने अरुंद वाट वाटून देतो. म्हणून निवेदनात टॉवरपर्यंत फायबर आणि वीज गेल्यानंतर किती तास टॉवर चालू राहील याची लेखी हमी, या दोन गोष्टी आधी मागाव्यात. बॅटऱ्या जुन्या झाल्या की त्यांची क्षमता घटते, आणि त्या वेळेवर बदलल्या जात नाहीत, ही आमच्या कामातली जुनी व्यथा आहे.

प्रतिसाद 2:
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. फायबर टॉवरपर्यंत आलेच, तर ते घरांपर्यंत नेणे पुढे फार अवघड राहत नाही. जीपॉन या एकच फायबर अनेक घरांत वाटून देण्याच्या पद्धतीत त्या फायबरवरील सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट क्षमता स्प्लिटर या प्रकाश विभागणाऱ्या साधनाद्वारे 32 किंवा 64 घरांत वाटली जाते, साधारण 20 किलोमीटरपर्यंत मध्ये कोठेही वीज लागत नाही, आणि ज्या भागात विजेचा भरवसा नाही तेथे हा गुण वेगाहूनही मोलाचा आहे.

खर्चाचा मोठा भाग काचेच्या तंतूवर नव्हे, तर खोदाईवर होतो. इंग्लंडमधील उत्तर लँकशायर भागात 2011मध्ये गावकऱ्यांनी 'ब्रॉडबँड फॉर द रुरल नॉर्थ' ही संस्था स्थापन केली. शेतकऱ्यांनी मोबदला न घेता आपल्या जमिनीतून वाट दिली, स्वयंसेवकांनी चर खणले, आणि मोठ्या कंपन्यांना न परवडणाऱ्या घरांत 1 गिगाबिटची जोडणी पोहोचली. सर्वत्र असे जमेलच असे नाही. परंतु रस्ता किंवा जलवाहिनी यांचे काम निघाले की त्याच चरात पुढे फायबर ओढण्यासाठी रिकामी नळी टाकून ठेवण्याचा आग्रह कोणतेही गाव धरू शकते.

प्रतिसाद 3:
उपग्रहाविषयी थोडे लिहितो. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटरवर असतो. त्यामुळे विनंती जाऊन उत्तर येईपर्यंत निदान अर्धा सेकंद जातो आणि संभाषण अडखळते. सुमारे 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांनी ही अडचण बरीच दूर केली आहे. तरीही एका परिसरावर पडणाऱ्या किरणाची क्षमता तेथील सर्व ग्राहकांत विभागली जाते, आणि प्रत्येक घरी मोकळे आकाश, वीज व डिश यांची सोय करावी लागते. एकाकी घरे, डोंगरातील आरोग्य केंद्र किंवा तुटलेल्या फायबरला पर्याय म्हणून उपग्रह उत्तम आहे. दाट वस्तीच्या गावाने मात्र त्याच्या भरवशावर फायबरची मागणी सोडू नये.

प्रतिसाद 4:
एक बाजू येथे अद्याप आलेली नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2024च्या अंदाजानुसार जगातील शहरी लोकसंख्येपैकी 83 टक्के, तर ग्रामीण लोकसंख्येपैकी 48 टक्के लोक इंटरनेट वापरतात. मात्र जे वापरत नाहीत, त्यांतील बहुसंख्य लोकांपर्यंत मोबाइल इंटरनेटचे कव्हरेज पोहोचलेले आहे. अडते ते फोनच्या किमतीवर, वाचता येण्यावर आणि आपल्या भाषेत उपयोगाचे काही मिळण्यावर. आपण शिक्षक आहात, म्हणून हे आवर्जून लिहिले.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. नवे निवेदन आता फायबर, बॅटरीची हमी आणि चरातील रिकामी नळी या मुद्द्यांवर लिहून घेतो. एक शंका उरते: फायबर तुटले, तर दुरुस्तीसाठी किती दिवस थांबावे लागेल?

प्रतिसाद 1:
तुटीची जागा शोधायला वेळ लागत नाही. ओटीडीआर हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तूट किती अंतरावर आहे, ते काही मीटरच्या अचूकतेने दाखवते. टोके वितळवून जोडणारे स्प्लायसिंग यंत्र आणि ते हाताळणारी माणसे जवळपास असतील, तर काम काही तासांत होते. ती दूरच्या शहरातून यायची असतील, तर दिवस जातात. तेव्हा आसपासच्या काही गावांनी मिळून दोघा-तिघांना हे काम शिकवण्याची आणि यंत्र परिसरातच ठेवण्याची मागणी निवेदनात घालावी. तसेच फायबर दोन वेगळ्या दिशांनी आणून वर्तुळ पूर्ण करता येईल का, हेही विचारावे, कारण तसे झाल्यास एका बाजूला यंत्राच्या खोदाईत केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते.