न विचारता क्लाउडवर गेलेल्या फाइली: तुमचे अनुभव

नवा लॅपटॉप सुरू करताना नुसतं 'पुढे, पुढे' करत गेलं, की कित्येकदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही सगळी फोल्डरं क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठवणीला, जोडली जातात आणि फाइली आपोआप वर जात राहतात; यालाच सिंक म्हणतात. अनेकांना हे कळतं ते 'जागा संपली' असा इशारा आल्यावर. सोय मोठी आहे, ती मी नाकारत नाही. पण आपलं काय बाहेर जाणार हे आधी आपल्याला विचारलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तुमचे अनुभव आणि तुम्ही शोधलेले उपाय सविस्तर लिहा.

*

मी समुपदेशक आहे. लोक माझ्याशी जे बोलतात ते अनेकदा घरच्यांनाही ठाऊक नसतं. एका अपडेटनंतर नोंदींच्या फाइलींवर छोटे ढग दिसू लागले. सिंक बंद केलं, तर डेस्कटॉप रिकामा! पोटात गोळा आला. फाइली क्लाउडच्या फोल्डरमध्ये होत्या. आधी त्या सगळ्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, उघडून पाहिल्या, मगच वरच्या प्रती पुसल्या आणि तिथली कचरापेटीही रिकामी केली. पुसलेली फाइल त्या पेटीत बरेच दिवस पडून असते. आता नोंदी सिंकच्या फोल्डरबाहेर असतात आणि बॅकअप कूटबद्ध (एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) बाहेरच्या डिस्कवर.

*

नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा त्याच्याकडे राहिलेला जुना टॅब माझ्याच खात्यावर चालू होता. वकिलांच्या कागदांचे फोटो मी फोनवर काढायचे आणि ते तिकडे दिसायचे. एका भांडणात त्याने त्यातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. पासवर्ड बदलला, शिवाय खात्याला जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून तो टॅब काढून टाकला. त्याने पाहिलं ते पाहिलंच. गोपनीयता म्हटलं की सगळे हॅकर आणि कंपन्यांबद्दल बोलतात. ज्याला आपले पासवर्ड, आपल्या सवयी ठाऊक आहेत, त्याच्याबद्दलही बोला.

*

वरच्या ताईंचं अगदी खरं आहे. उपकरणांची ती यादी प्रत्येकाने आजच उघडून पाहावी.

कंपन्यांपुरतं बोलायचं, तर 'आमच्याकडे सगळं एन्क्रिप्टेड असतं' यावर माझा एकच प्रश्न असतो: किल्ली कुणाकडे? बहुतेक सेवांमध्ये ती कंपनीकडेच असते. जून २०११ मध्ये ड्रॉपबॉक्स या क्लाउड सेवेच्या एका सदोष बदलामुळे सुमारे चार तास कुठलाही पासवर्ड टाकून खाती उघडता येत होती. फाइली आपल्या किल्लीने बंद असत्या, तर खातं उघडूनही आतलं वाचता आलं नसतं. ॲपलने डिसेंबर २०२२ मध्ये आयक्लाउडसाठी 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' आणलं, त्यात बहुतेक डेटाची किल्ली आपल्याच उपकरणांवर राहते, पण ते आपण स्वतः चालू करावं लागतं. बाकी ठिकाणी मी क्रिप्टोमेटर हे ॲप वापरतो. फाइल आणि तिचं नाव आपल्याच यंत्रावर कूटबद्ध होतं, मग ते वर जातं. पासवर्ड आणि रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास वापरायची राखीव किल्ली) दोन्ही हरवलं, तर मात्र कुणीही मदत करू शकत नाही. क्लाउडच नको असेल तर सिंकथिंग हा प्रोग्राम पाहा, ते आपल्या यंत्रांमध्येच फाइली जुळवतं.

*

दुसरी बाजूही सांगते. लॅपटॉप चोरीला गेला तेव्हा माझा प्रबंध केवळ सिंकमुळे वाचला. म्हणून मी ते सरसकट बंद करत नाही. लेखन वर जातं. ओळखपत्रं, वैद्यकीय अहवाल आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणं जात नाहीत, कारण मुलाखत देणाऱ्यांनी संमती मला दिली होती, कुठल्या सर्व्हरला नाही.