जमीन न पेरण्याचे पैसे आणि गवतातले फेझंट: हे नेमकं चालतं कसं?

मुलुंडकर_वरकस:
अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला जमीन न पेरण्याबद्दल भाडं देतं आणि तिथल्या गवतात फेझंट (तितराच्या कुळातला मोठा पक्षी), बॉबव्हाइट लावे वाढतात, एवढंच ठाऊक आहे. पेरणी थांबवली की पक्षी आपोआप येतात का? पट्टा किती रुंद लागतो? मुरबाडजवळ तीन एकर वरकस, म्हणजे भात न होणारी हलकी माळजमीन आहे, दरवर्षी गवत कापून तबेल्यांना जातं. पावसाळ्यात तितर ओरडतात. तिकडचं इथे काही लागू पडेल का?

रानबांध:
योजनेचं नाव कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम, १९८५ च्या फार्म बिलातली, म्हणजे तिकडच्या शेती कायद्यातली. करार १० ते १५ वर्षांचा. दरवर्षी एकरी भाडं मिळतं, शिवाय गवत लावायच्या खर्चातला निम्म्यापर्यंत वाटा सरकार उचलतं. मूळ हेतू मातीची धूप थांबवणं आणि धान्याचं जादा उत्पादन कमी करणं हा होता. वन्यजीवांना बरोबरीचं स्थान १९९६ च्या कायद्याने दिलं. २०१८ च्या नियमाप्रमाणे जमीन २०१२ ते २०१७ या सहा वर्षांपैकी चार वर्षं पिकाखाली असावी लागे. तुमची वरकस त्यात बसली नसती. कुरणांसाठी वेगळी शाखा आहे.

पक्षी आपोआप येतात का? येतात, पण टिकत नाहीत. फेझंटची मादी घरटं करते ते गेल्या वर्षीच्या उभ्या, वाळक्या गवतात. अंडी साधारण २३ दिवसांत फुटतात आणि पिल्लं पहिल्याच दिवशी पायी चालायला लागतात. पहिले काही आठवडे त्यांचं पोट किड्यांवर. म्हणजे वरून झाकण हवं आणि खाली चालायला मोकळी माती. सुरुवातीच्या करारांत बऱ्याच ठिकाणी स्वस्त म्हणून ब्रोम आणि फेस्क्यू ही दाट वाढणारी गवतं लावली. पाच-सहा वर्षांत बुडाशी वाळक्या पात्यांची गादी साचते. बॉबव्हाइटचं पिल्लू अंगठ्याएवढं, त्याला त्या गादीतून वाट मिळत नाही. किडेही कमी, कारण फुलणारी झाडं दबून जातात. भाडं चालू, गवत हिरवं, आणि पक्षी गायब!

म्हणून करारात मधल्या वर्षांत मशागत करायची अट आली: हलकी डिस्क (तव्यांचा कुळव) फिरवणं, ठरवून जाळणं किंवा गवतात शेंगवर्गीय झाडं पेरणं. सगळं विणीच्या काळाबाहेर, आणि एका वेळी क्षेत्राचा एकच भाग.

पट्ट्याचं म्हणाल तर बॉबव्हाइटसाठी सीपी-३३ नावाचा प्रकार २००४ मध्ये आला. मक्या-सोयाबीनच्या कडेने ३० ते १२० फूट रुंद पट्टा. कडेला तसंही उत्पन्न कमी येतं, त्यामुळे शेतकऱ्याला सोडायला जड जात नाही.

भावताव:
वरच्या उत्तराला पुस्ती. ही योजना धान्याच्या भावावर हेलकावते. २००७ मध्ये तिच्याखाली ३.६८ कोटी एकर होते. मक्यापासून इथेनॉल इंधन बनू लागल्याने मका महागला, मुदत संपलेले करार लोकांनी नूतन केले नाहीत, नांगर फिरवला. पुढे २०१४ च्या कायद्याने कमाल मर्यादाच २.४ कोटी एकरांवर आणली. २०१८ ला ती २.७ कोटीपर्यंत वाढवली, पण त्याच वेळी सर्वसाधारण करारांचं भाडं तालुक्याच्या, म्हणजे तिकडच्या काउंटीच्या, सरासरी दराच्या ८५ टक्क्यांवर रोखलं. भाडं कमी, पीक महाग. कोण जमीन देईल?

मुलुंडकर_वरकस:
म्हणजे पैशाइतकीच कापणी महत्त्वाची. मग इथे काय करू?

रानबांध:
आपल्याकडे असं भाडं देणारी योजना नाही, तेव्हा गवताच्या विक्रीतूनच भागवायचं. आणि इथे या पक्ष्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंद आहे, अंड्यांना किंवा घरट्याला हात लावणंही शिकारीतच मोजतात.

पावसाळ्यात दगडावर नाहीतर झुडपावर चढून खरखरीत आवाजात ओरडत असेल तर तो बहुधा रंगीत तित्तिर. त्याची वीण जून ते सप्टेंबर. लाव्यांपैकी जंगली लावा पावसाळा सरता सरता सुरू करतो आणि हिवाळाभर चालू ठेवतो, म्हणजे नेमका तुमच्या कापणीच्या वेळी. त्यामुळे "उशिरा कापा" हा सल्ला एकट्याने पुरत नाही. तीन एकरांपैकी एक एकर दरवर्षी न कापता सोडा, पुढच्या वर्षी दुसरा.

बाकीचं कापताना मधून सुरुवात करून बाहेर या. कडेकडून आत आलात तर पिल्लं शेवटच्या उभ्या तुकड्यात कोंडली जातात आणि ब्रशकटरखाली येतात. विळ्याने कापणारे असतील तर उत्तम, त्यांना घरटं दिसतं. बुंधे चार-सहा इंच ठेवा.

सोडलेला एकर वणव्यात जाणार नाही हे बघा. कापणी झाल्यावर भोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत नसलेला पट्टा, काढून घ्या. आणि करवंदीच्या जाळ्या तोडू नका, ऊन आणि शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) दोन्हींपासून तीच आडोशाची जागा. पडीक म्हणून झाडं लावायला कुणी रोपं आणून दिली तर माळावर नको म्हणा. उंच झाड म्हणजे कावळ्याला टेहळणीची जागा.

खाचरकाठ:
बांधाबद्दल कुणी बोललं नाही. इंग्लंडमध्ये शेताच्या मधोमध मुद्दाम सुमारे दीड-दोन मीटर रुंद, ४० सेंटिमीटर उंच वरंबा घालून त्यावर झुपकेदार गवत लावतात, बीटल बँक म्हणतात. शिकारी कीटक तिथे हिवाळा काढतात, करड्या तितराला घरट्याची जागा मिळते. आपल्या खाचरांना बांध तयारच आहेत, फक्त त्यावर तणनाशक मारणं थांबवायचं. राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना, ठिणगी बांधावर जाते, तेवढी कड आधी खरवडून घ्या.

मुलुंडकर_वरकस:
गवत कापणाऱ्यांचा हिशोब भाऱ्यावर असतो, एकर सोडला तर त्यांची मजुरी बुडेल.

खाचरकाठ:
त्या एकराचे भारे अंदाजाने धरून निम्मे पैसे द्या आणि कोपऱ्यांवर आधीच खुंट्या ठोकून फडकी बांधा. नुसतं तोंडी सांगितलं तर विसरून कापतील.