चार सुना, एक खमकी सासू आणि मिशीवाला भामटा: कोणता वेस्टर्न सिनेमा?

प्रश्न: लहानपणी बाबांसोबत पाहिला होता. एक बाईलवेडा दरोडेखोर घोड्यावरून एका ओसाड गावात येतो. तिथे एक म्हातारी आपल्या चार सुनांना पहाऱ्यात ठेवून राहते. तो दिसताक्षणी ती बंदूक चालवते आणि गोळी त्याच्या दंडाला लागते. बाबा तेव्हा इतके हसले होते की हातातला चहा सांडला. ते आता नाहीत. येत्या वर्षश्राद्धाला आईसोबत हाच सिनेमा बघायचाय.

प्रतिसाद १: ‘द किंग अँड फोर क्वीन्स’, १९५६. नायक क्लार्क गेबल, दिग्दर्शक राऊल वॉल्श. लुटीचं एक लाख डॉलरचं सोनं म्हातारीने लपवलंय आणि चार मुलांपैकी एकच जिवंत आहे. कोणता, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून चौघीही वाट बघत बसल्यात. गेबल प्रत्येकीशी गोड बोलून सोन्याचा पत्ता काढू पाहतो.

प्रतिसाद २: मला तर सासूच जास्त आवडते. ती भूमिका करणारी जो व्हॅन फ्लीट गेबलपेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी लहान होती, पण दारात उभी राहिली की तोही बिचकतो! चित्रण अमेरिकेतल्या युटा राज्यातलं, लाल डोंगर बघाच. मोठ्या पडद्यावर लावा, सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा आहे.

मूळ प्रश्नकर्ती: हाच! आईला नाव सांगितलं, ती म्हणाली, “अगं, चहा माझ्याच साडीवर सांडला होता.” दोघांचे मनापासून आभार.